मागची काच माशांची

चाचा, तुमची टाकी आता माझ्या दुकानात आहे. तुम्ही गेलात, तिसऱ्या दिवशीची जियारत झाली, माणसं पांगली आणि चाचीने मला आत बोलावून घेतलं. म्हणाली, "सुभाषभाऊ, ही पेटी तुमीच घिऊन जावा. माज्यानं हिच्याकडं बघवत न्हाय. दुसऱ्या कुनाला दिली तर तो पैल्याच दिवशी घासून काढंल." मी अर्धं पाणी उपसलं, मासे बादलीत घेतले आणि टाकी तुमच्या फळीवरून माझ्या काउंटरवर आणली. दोन दुकानांच्या मधे एकच भिंत, तरी तेवढ्या वाटेत मी ती दोनदा खाली टेकवली.

आता ती फवारणीचे पंप आणि बियाण्यांची पाकिटं यांच्या मधे बसली आहे. समोरची काच लख्ख, मागची हिरवीगार. खत-औषधाला आलेला माणूस आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे. "शेवाळ झालंय की मालक. घासा जरा, मासं मरतील." माशांची टाकी बघून हे वाक्य सुचत नाही असा माणूस बारामतीत मला अजून भेटलेला नाही. मलाही पहिल्यांदा तेच सुचलं होतं आणि मी ते तुमच्या तोंडावर सांगितलं होतं. तिथूनच आपली मैत्री सुरू झाली, म्हणजे भांडण सुरू झालं.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. सहा वर्षं राहिली. एका भिंतीपलीकडे तुम्ही होता, दिवसातून चार वेळा आपण एकमेकांचं तोंड बघत होतो, तरी माझी जीभ रेटली नाही. ती गोष्ट काल मी पहिल्यांदा बोललो, तीही निरवांगीहून आलेल्या एका अनोळखी गिऱ्हाइकाशी. म्हणून आता तुम्हाला लिहायला बसलो आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सुभाषराव, तुमी तोंडानं लई बोलता, कामाचं कवा बोलता?" मला 'राव' लावलंत की मी समजायचो, आज माझी खैर नाही.

तुमचा धंदा काचेचा. खिडक्यांची तावदानं, कपाटांची दारं, तसबिरी. निम्म्या तालुक्याचे देव, बुद्ध आणि वारलेले आजोबा तुम्ही काचेआड बसवले. काच कापायचा हिरा तुमच्या वरच्या खिशात पेनासारखा असायचा. रेघ ओढताना तुम्ही श्वास धरायचात, मग टेबलाच्या कडेवर हलकेच दाब द्यायचात आणि काच बरोबर सांगितल्या जागी सुटायची. पुसण्याची रीतही तुमचीच. आधी खडूची पूड, मग ओला कागद, मग कोरडा कागद आणि शेवटी लुंगीचा सोगा. तुम्ही पुसलेली काच दिसायचीच नाही. माझ्या दुकानाला तुम्ही काचेचं दार बसवलंत त्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकं कपाळ आपटून आत आली, आणि तुम्ही पलीकडून नुसते खूश होऊन मोजत होतात.

असा माणूस आपल्याच बैठकीमागे बुळबुळीत हिरवी काच जपतो, हे मला पटेना. मी म्हणालो, "चाचा, ही काय घाण?" तुम्ही माझ्याकडे न बघता समोरच्या काचेवर ब्लेड फिरवत राहिलात. "घान न्हाय ती. रान हाय त्यांचं," म्हणालात. "फुडची काच मानसांची, मागची माशांची. मानसांची मी रोज घासतो. माशांच्या काचंला हात लावायचा मला काय हक्क हाय?"

शेवाळाचं आणि माझं वैर होतं, आणि त्याला कारण होतं. कन्हेरीला आमची द्राक्षाची बाग. नुकतंच ठिबक केलं होतं. टाकीतलं शेवाळ जाळीत बसलं की पाणी पुढे सरकायचं नाही आणि मी भर उन्हात एकेक ड्रिपर टाचणीने टोकरत वेलींखाली रांगायचो. त्याच्यावर आमच्या भागातला उपाय पोराटोरांनाही ठाऊक. बागेवर फवारायचं बोर्डो करताना चुन्यात जो मोरचूद कालवतात, त्याच निळ्या खड्यांची पुरचुंडी टाकीत सोडायची. दोन दिवसांत पाणी निवळ. मी तर तो विकतच होतो. शेवाळ म्हणजे शत्रू आणि मोरचूद म्हणजे शस्त्र, असं माझं सरळ गणित होतं.

"तुज्या ठिबकचं दुखनं माज्या माशांना कशाला लावतो?" तुम्ही म्हणायचात. मग सुरू व्हायचं. मी म्हणायचो, शेवाळ पाणी नासवतं. तुम्ही म्हणायचात, माशांची घाण खाऊनच ते हिरवं होतं, उलट पाणी राखतं. मी म्हणायचो, हवा खातं. तुम्ही उन्हाच्या वेळी मला टाकीपाशी ओढून न्यायचात आणि मागच्या काचेवर मोहरीएवढे बुडबुडे दाखवायचात. "खातंय का देतंय, सांग." मोली मासा येऊन त्या हिरव्यात तोंड घासून जायचा, पिल्लं त्यात दडायची. "ते लई वाढलं तर समजायचं आपून ऊन जास्त दिलंय, न्हायतर खानं जास्त टाकलंय. चूक आपली. त्याला का म्हून बदनाम करायचं?" चौथीच्या पुढे शाळा न पाहिलेला माणूस मला, शेतकी पदविकावाल्याला, शिकवत होता. मला राग यायचा आणि ऐकावंसंही वाटायचं.

एकदा मात्र माझं खरं ठरलं, ते इथे नोंदवून ठेवतो, नाहीतर तुम्ही वर जाऊन सोयीस्कर विसराल. पिंपळीला माझ्या मेव्हण्याच्या सिमेंटच्या टाकीत पाणी मुगाच्या वाटणासारखं दाट हिरवं झालं होतं आणि सकाळी उजाडताना त्यातले मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मी तुम्हाला मुद्दाम घेऊन गेलो. तुम्ही कठड्यावर बसून कितीतरी वेळ बघितलंत. "हे तुजं खरं," म्हणालात. "पान्यातच इतकं दाटलं तर उजेड नसताना हवा पुरत न्हाय. काचंवर बसल्यालं येगळं, पान्यात भरल्यालं येगळं." निम्मं पाणी बदलायला लावलंत, वर पाचटाची सावली करायला लावलीत. हरल्याचं इतकं सरळ सांगणारा माणूस मी आमच्या भावकीत पाहिलेला नाही. आणि मला ते जमलं नाही, हेच तर सांगायचं आहे.

आमची मंजू तेव्हा चौथीत होती. तिने मासे मागितले. तुम्ही आठ दिवसांत टाकी करून दिलीत, सिलिकॉनची रेघ अशी सरळ की मंजू तिच्यावर पट्टी लावून बघायची. टाकीत कालव्याकाठचे खडे घातलेत, तुमच्या टाकीतलं थोडं पाणी ओतलंत आणि दोन गोगलगाई सोडल्यात. मासे मात्र दिले नाहीत. "काच हिरवी हू दे. हिरवी झाली की मासं." ही तुमची अट सगळ्यांना होती. लोक चिडायचे. रिकामी टाकी हॉलमधे ठेवून पाहुण्यांना काय सांगायचं? काहींनी तुमचा नाद सोडून परस्पर पुण्याहून मासे आणले आणि आठवड्यात गमावले. मग ते तुमच्याकडे यायचे आणि तुम्ही त्यांना एका शब्दाने न बोलता पुन्हा तेच सांगायचात.

मंजू रोज शाळा सुटली की तुमच्या दुकानात वर्दी द्यायची. "चाचा, अजून पांढरीच आहे." तुम्ही म्हणायचात, "मंग मासं बी अजून पुन्यातच हायेत." तिसऱ्या आठवड्यात काचेच्या कोपऱ्यात हिरवी झाक दिसली आणि पोरगी पायात चप्पल न घालता बाजारातून धावत तुमच्याकडे आली. दुसऱ्याच दिवशी आपण दोघं पुण्याला गेलो. येताना तुम्ही पाण्याने फुगलेल्या पिशव्या मांडीवर घेऊन एसटीत बसला होतात, नवरी आणल्यासारखे ताठ. कंडक्टर म्हणाला, "ह्यांची तिकिटं?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "बारा वर्षांखालची हायेत. अर्धी फाडा." पाटस येईपर्यंत सगळी गाडी हसत होती. सहा मासे होते. दोन काळ्या मोली, चार तांबडे. मंजूने सहाही जणांना नावं ठेवली.

आता ते सांगतो.

मंजूचा वाढदिवस होता. आदल्या खेपेला पिंपळीच्या वहिनी येऊन गेल्या होत्या आणि टाकीकडे बघून माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "अगबाई वन्सं, पानी नासलंय की हो. वास न्हाय का येत?" वास कसला येतोय. पण शालनच्या मनाला ते लागलं. वाढदिवसाला सगळं माहेर जेवायला येणार. ती म्हणाली, "त्या चाचांचं ऐकून तुम्ही माझ्या हॉलमधे गटार ठेवलंय. मागची काच स्वच्छ करा, नाहीतर मी टाकीवर चादर टाकते." तुम्ही त्या वेळी बहिणीच्या मुलीच्या लग्नाला इंदापूरला गेला होतात. चार दिवस दुकान बंद. विचारायला कोणी नव्हतं. खरं सांगू, तुम्ही नव्हता म्हणूनच मी ते केलं. घासायचा कंटाळा आणि माझ्या विद्येचा भरवसा. दुकानातून हरभऱ्याएवढा निळा खडा आणला. आमच्या बागेच्या टाकीला मूठभर लागतो, इथे एवढासाच, म्हणजे मी केवढा विचार करून टाकतोय असं मला वाटलं. फडक्यात न बांधता तसाच खड्यांत सोडून दिला.

पाहुणे आले तेव्हा पाणी काचेसारखं होतं. वहिनी म्हणाल्या, "आता कसं बगा!" शालन खूश. मंजू केक कापताना सारखी मागे वळून बघत होती. "बाबा, ते सगळे एका कोपऱ्यात का बसलेत?" मी म्हणालो, "एवढे पाहुणे बघून लाजलेत." दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा सहाही मासे पाण्यावर आडवे होते.

तुम्ही त्याच संध्याकाळी इंदापूरहून परतलात आणि लग्नातले बुंदीचे लाडू घेऊन थेट आमच्या घरी आलात. दारातच मंजूचं रडणं ऐकलंत. तुम्ही काही विचारायच्या आत मी म्हणालो, "शेवाळाने मेले चाचा. मी कधीचा सांगत होतो."

लाडवांचा पुडा तुम्ही खाली ठेवलात. टाकीपाशी उकिडवे बसलात. मागच्या काचेवर हिरवं उरलं नव्हतं, राखेसारखे पापुद्रे सुटून लोंबत होते. दोन्ही गोगलगाई उलट्या पडल्या होत्या. तुम्ही पाण्यात बोट बुडवलंत, वास घेतलात, खड्यांकडे बघितलंत. मग माझ्याकडे बघितलंत. मी कॅलेंडरकडे बघत होतो. मंजू हुंदके देत म्हणाली, "चाचा, तुम्ही म्हणाला होता शेवाळ माशांना काही करत नाही. तुम्ही म्हणाला होता!"

तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात. "चुकलं पोरी," म्हणालात. "माजं चुकलं."

आणि मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. वर थोडं जिंकल्यासारखंही वाटलं. माझ्यातला तो माणूस आठवला की आजही मला शरम वाटते.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर ते रंगवून सांगितलं. बाजारपेठेला तेवढंच पुरलं. "काय चाचा, तुमच्या शेवाळानं मासं खाल्लं म्हनं?" महिनाभर लोक तुम्हाला हेच विचारत होते. एका डॉक्टरांनी दवाखान्यासाठी सांगितलेली मोठी टाकी रद्द केली. ज्यांच्या घरी तुमच्या टाक्या होत्या त्यांनी मागच्या काचा घासून घेतल्या. तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणायचात, "ज्याची टाकी त्यानं बगावं." मी शेजारीच बसलेलो असायचो. एक शब्द, फक्त एक शब्द बोलायचा होता.

आमची टाकी तुम्ही उचलून नेलीत. खडे तुमच्या दुकानामागच्या नळाखाली तीन दिवस धूत होतात. धुवायचे, भिजत घालायचे, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा धुवायचे. मी भिंतीआडून आवाज ऐकायचो आणि मनात म्हणायचो, म्हातारा खंतावलाय. मग टाकी परत आणलीत. पाणी भरलंत, दोन दिवसांनी फेकलंत, पुन्हा भरलंत. महिना गेला. तुम्ही तुमच्या टाकीतली एकच गोगलगाय आणून सोडलीत आणि मंजूला म्हणालात, "आठ दिस हिच्यावर ध्यान ठिव. ही चालली तर मासं आनू." मी शालनला हसत म्हणालो, "आता गोगलगाईचा सल्ला घेतायत." गोगलगाय चालली. काच पुन्हा हिरवी झाली. तुम्ही एकटेच पुण्याला जाऊन सहा मासे आणलेत आणि त्यातले तीन अजून आमच्या घरी आहेत. मागची काच त्यानंतर आमच्याकडे कोणीही घासली नाही. वहिनी काय वाटेल ते बोलल्या, तरीही नाही.

त्या वर्षीच्या ईदला मी नेहमीसारखा सकाळीच आलो. चाचीने शीरखुर्म्याची वाटी दिली. आपण दोघंच होतो. तुम्ही नव्या लुंगीत, कानात अत्तराचा फाया. तुम्ही एकदम विचारलंत, "बाळा, त्या वक्ताला पान्यात काय पडलं तर न्हवतं?" मला 'राव' लावलं नव्हतंत. किती सोपं करून दिलं होतंत तुम्ही. 'टाकलं' नाही, 'पडलं' म्हणालात. मी वाटीत बघून म्हणालो, "नाही चाचा." तुम्ही म्हणालात, "बरं." आणि चाचीला हाक मारून माझी वाटी पुन्हा भरायला लावलीत. ती दुसरी वाटी मी कशी संपवली ते माझं मला ठाऊक.

त्यानंतर तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत. भांडणं मात्र पुन्हा चालू केलीत, त्याच जोरात. बागेवर भुरी आली तेव्हा औषधं मारून मारून मी रडकुंडीला आलो होतो, तर तुम्ही कन्हेरीपर्यंत सायकल मारत आलात आणि बांधावर बसून म्हणालात, "फांद्या लई दाट ठिवल्यास. वारं कुठनं शिरंल? आदी वारं दे, मंग औषद दे." काचवाला द्राक्षवाल्याला शिकवतोय, म्हणून मी वैतागलो. फांद्या विरळ केल्या आणि बाग सावरली. खत-औषध विकणाऱ्या माणसाला, औषध कमी कसं लागेल ते तुम्ही शिकवलंत. आता माझ्याकडे कोणी पिवळं पान घेऊन आलं, तर मी आधी विचारतो, पाणी किती देतोस, ऊन किती लागतं. हे विचारणं माझं नाही, तुमचं आहे. त्याबद्दलही मी तुम्हाला कधी काही बोललो नाही.

शेवटची भेटही अशीच गेली. तुम्ही माझ्या दारातली काच पुसायला आला होतात, मी न बोलावता. "लई डाग पडल्यात. दुकान कुनाचं हाय ते कळंना," म्हणालात. पुसून झाल्यावर दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून बघितलंत. मी म्हणणार होतो, चाचा, जरा बसा, बोलायचं आहे. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मला वाटलं, उद्या बोलू. तुम्ही काय कुठे जाणार होता?

काल दुपारी निरवांगीचा एक बागायतदार मोरचूद न्यायला आला. मंजू शाळेतून येऊन टाकीतल्या माशांना खाणं घालत होती. ती आता दहावीला आहे, माझ्याएवढी उंच. तो माणूस टाकीकडे बघून म्हणाला, "आरारा, किती शेवाळ! मालक, तुमच्याकडंच औषद हाय की. ह्यातला एक खडा टाका, उद्याच्याला पानी निवळ."

त्याच्या पिशवीत मी मोरचूदच भरत होतो. मी पिशवी काउंटरवर ठेवली.

"टाकला होता," मी म्हणालो. "सहा वर्षांमागे टाकला होता. पाणी निवळ झालं, सहा मासे मेले. वरून मी शेवाळाचं नाव घेतलं."

तो माणूस "व्हय का?" म्हणाला आणि पिशवी घेऊन गेला. त्याला काय त्याचं. मी वळलो तर मंजू माझ्याकडे बघत होती. खाण्याची डबी तिच्या हातात तशीच होती. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा उठून जाईल. त्या सहा जणांची नावं तिला अजून पाठ आहेत.

ती म्हणाली, "मला माहीत आहे, बाबा."

"कोणी सांगितलं?"

"चाचांनी. तेव्हाच. खडे धूत होते ना, तेव्हा मी त्यांच्यापाशी बसायचे. त्यांना मी विचारलं, शेवाळाने मासे मेले, मग शेवाळ कशाने मेलं? ते हसले. म्हणाले, पोरगी बापापेक्षा हुशार हाय. मग निळ्या खड्याचं सांगितलं."

चाचा, मी स्टुलावर बसलो. ते तीन दिवसांचं धुणं, ते फेकलेलं पाणी, ती एकटी गोगलगाय. तुम्ही माझा मोरचूद धूत होतात. टपरीवरचं हसणं ऐकत होतात, डॉक्टरांची टाकी हातची घालवत होतात आणि माझा खडा धूत होतात. काच कशी पुसावी हे तुम्हाला माहीत होतंच. माणसाला चारचौघांत कसं झाकावं हेही माहीत होतं, हे मला कळायला तुम्हाला जावं लागलं.

मी मंजूला विचारलं, "मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"चाचांनी शप्पथ घातली होती. म्हणाले, तुजा बाप वाईट न्हाय, घाबरट हाय. सांगंल एक दिस. तवर तू इचारायचं न्हाय." मग डबीचं झाकण लावत ती म्हणाली, "आणि एक निरोप दिला होता. तुम्ही सांगाल त्या दिवशी द्यायचा म्हणून. मी पाठ करून ठेवला होता."

तो तिने तुमच्याच आवाजात म्हणून दाखवला. पोरगी नकला चांगल्या करते, तुम्हाला माहीतच आहे.

"त्याला म्हनावं, मासं मेलं ते मेलं. त्याचं तुला बी लागलंच आसंल. मला लोक हसलं, त्याचं बी काय न्हाय. पर त्या शेवाळाचं नाव खराब केलंस सुभाषराव, तेवढं मागं घे."

मग ती उठली, तुमचं ब्लेड घेतलं आणि पुढची काच घासायला बसली.

आज सकाळी टपरीवर जाऊन सगळ्यांसमोर सांगून आलो. इथेही लिहितो. चाचा, मागे घेतलं. शेवाळाने काहीही केलं नव्हतं. खडा माझा होता.